‘ड्यून’चे वाचक कशाची वाट पाहतात

अमेरिकन लेखक फ्रँक हर्बर्ट यांची ‘ड्यून’ ही विज्ञानकादंबरी १९६५ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, तिच्यावरचा पहिला चित्रपट पडद्यावर यायला १९८४ साल उजाडले आणि पुष्कळ वाचकांनी आपला मानावा असा चित्रपट आला तो थेट २०२१ मध्ये. कॅनडाचे दिग्दर्शक डेनी व्हिलनव्ह यांच्या त्या चित्रपटाचा दुसरा भाग २०२४ मध्ये प्रदर्शित झाला आणि तिसऱ्या भागासाठी १८ डिसेंबर २०२६ ही तारीख जाहीर झालेली आहे. इतक्या वर्षांत या कादंबरीच्या चाहत्यांनी चित्रपटाची वाट पाहण्याची एक रीतच घडवली असून तिला केवळ उत्सुकता म्हणणे अपुरे ठरते. कथानक आधीच ठाऊक असलेल्या वाचकाला पुढे काय घडणार हे जाणून घ्यायचे नसते. कादंबरीचा जो अर्थ त्याने मनाशी धरून ठेवला आहे तो पडद्यावर उतरतो की हरवतो, हे त्याला पाहायचे असते. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला आख्यानाची कथा पाठ असते, तरी बुवा ती कशी लावतात हे ऐकण्यासाठी तो शेवटपर्यंत बसून राहतो, तशीच ही वृत्ती आहे. ‘ड्यून’च्या बाबतीत तर अर्थाचा हा प्रश्न अधिकच टोकदार आहे, कारण नायकाविषयी लेखकाला जे सांगायचे होते त्याच्या जवळजवळ उलट बोध असंख्य वाचकांनी घेतला, आणि हा तिढा साठ वर्षांत कोणत्याही रूपांतराला पुरता सोडवता आलेला नाही.

कादंबरीची कथा हजारो वर्षांनंतरच्या एका साम्राज्यात घडते. विचार करणाऱ्या यंत्रांविरुद्ध पूर्वी कधीतरी मोठे बंड होऊन अशी यंत्रे कायमची निषिद्ध ठरलेली असल्यामुळे या भविष्यकाळात संगणक नाहीत, आणि गणिताची व आडाख्यांची कामे ‘मेंटॅट’ म्हणून ओळखली जाणारी, त्यासाठी खास घडवलेली माणसे करतात. अराकिस नावाच्या वाळवंटी ग्रहावर ‘मेलांज’ किंवा ‘स्पाइस’ नावाचा एक पदार्थ मिळतो. त्याच्या सेवनाने आयुष्य वाढते, काहींना भविष्याची चाहूल लागते आणि अंतराळयाने चालवणाऱ्या मार्गदर्शकांना त्याच्याशिवाय वाट दिसत नाही, म्हणून ज्याच्या ताब्यात हा ग्रह त्याच्या हाती साम्राज्याची नाडी. सम्राटाच्या आज्ञेने अट्रेइडीज घराणे या ग्रहाचा कारभार पाहायला येते, पूर्वी ग्रहाचा ताबा असलेले हार्कोनन घराणे सम्राटाच्याच मदतीने त्याचा घात करते, आणि वडिलांना गमावलेला तरुण वारस पॉल आपल्या आईसह वाळवंटात पळून जाऊन फ्रेमेन नावाच्या मूळ रहिवाशांमध्ये आश्रय घेतो. फ्रेमेन हे घामाचा आणि श्वासातील ओलाव्याचा थेंबन् थेंब परत पिण्याजोगा करणारा ‘स्टिलसूट’ नावाचा पोशाख घालतात, मृताच्या देहातले पाणीसुद्धा टोळीच्या मालकीचे मानतात आणि वाळूखाली वावरणाऱ्या शेकडो मीटर लांबीच्या कृमींवर स्वार होऊन प्रवास करतात. परग्रहावरून एक उद्धारकर्ता येईल, अशी त्यांची श्रद्धा आहे.

ही श्रद्धा आपोआप उगवलेली नाही, हे कादंबरीचे मर्म आहे. ‘बेने जेसेरिट’ नावाच्या स्त्रियांच्या एका गुप्त पंथाने आपल्या सभासदांना अडचणीच्या प्रसंगी संरक्षण मिळावे म्हणून शतकानुशतके ग्रहोग्रही अशा भविष्यवाण्या पेरून ठेवलेल्या असतात. याच पंथाच्या शरीरसंयमाच्या साधनेला हर्बर्ट यांनी ‘प्राण-बिंदू’ असे नाव दिले असून अरबी, हिब्रू आणि संस्कृत अशा अनेक परंपरांतून त्यांनी शब्द व कल्पना उचलल्या आहेत. पॉलची आई याच पंथाची असते, पेरलेल्या श्रद्धेचा आधार घेऊन माय-लेक जीव वाचवतात, आणि पुढे तीच श्रद्धा पॉलच्या हातून सुटून विश्वभर पसरणाऱ्या धर्मयुद्धाचे रूप घेऊ लागते. ते युद्ध पॉलला आधीच दिसत असते, टळावे असेही वाटत असते, तरी तो त्याच वाटेने चालत राहतो. जो वाचक केवळ अन्यायाचा सूड घेणाऱ्या राजपुत्राची कथा वाचतो त्याच्यासाठी कादंबरी विजयाच्या क्षणी संपते. जो हे धर्मयुद्धाचे सावट लक्षात ठेवतो त्याच्यासाठी ती एका शोकांतिकेच्या उंबरठ्यावर थांबते.

या कादंबरीचे बीज वाळूतच सापडले. पत्रकार असलेले हर्बर्ट १९५७ मध्ये ओरेगन राज्यातील फ्लॉरेन्स या गावी गेले होते. समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्या वाऱ्याने सरकत रस्ते आणि घरे गिळत होत्या आणि सरकारी कृषी खाते विशिष्ट गवत लावून त्यांना जागच्या जागी रोखण्याचा प्रयोग करत होते, त्याविषयी त्यांना लेख लिहायचा होता. तो लेख त्या वेळी प्रसिद्ध झाला नाही, परंतु वाळवंटांचा, तेथील समाजांचा आणि तेथे जन्मलेल्या धर्मांचा त्यांचा अभ्यास वाढत गेला. ओरेगनच्या त्या किनाऱ्यावर बाहेरून आणलेले ते गवत पुढे इतके माजले, की मूळची वाळू आणि तिच्यावर जगणारे जीव वाचवण्यासाठी आता ते काढून टाकण्याचे काम चालते. निसर्गात केलेल्या हस्तक्षेपाचे दूरचे परिणाम हा हर्बर्ट यांचाच विषय असल्याने ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. १९६३ ते १९६५ या काळात ‘ॲनालॉग’ या विज्ञानकथांच्या मासिकात ‘ड्यून’ दोन टप्प्यांत क्रमशः आली. पुस्तकासाठी मात्र वीसपेक्षा अधिक प्रकाशकांनी नकार दिला, आणि अखेर मोटारदुरुस्तीच्या पुस्तिकांसाठी प्रसिद्ध असलेल्या फिलाडेल्फियाच्या ‘चिल्टन’ने ती छापली. अमेरिकेतील विज्ञानकथालेखकांच्या संघटनेने सुरू केलेला ‘नेब्युला’ पुरस्कार कादंबरी या विभागात सर्वप्रथम तिलाच मिळाला, आणि १९६६ चा ‘ह्यूगो’ तिला रॉजर झेलाझनी यांच्या कादंबरीसह विभागून मिळाला.

चित्रपटासाठी ही कादंबरी अवघड का, याचे उत्तर बरेचसे तिच्या निवेदनशैलीत आहे. एकाच प्रसंगात निवेदक या पात्राच्या मनातून त्या पात्राच्या मनात जातो, आणि माणसे जे बोलतात त्याहून न बोललेले महत्त्वाचे असते. वाचक हे सहज स्वीकारतो, पण कॅमेऱ्याला चेहरा दिसतो, विचार दिसत नाही. त्यात शेवटी जोडलेली परिशिष्टे आणि शब्दसूची यांच्याशिवाय ज्याचा उलगडा होत नाही असे घराण्यांचे, पंथांचे आणि परिभाषेचे जाळे आहे. या अडचणीपुढे अनेक निर्माते थांबले. काहींची तर तिने वाटच बदलली.

चिलीत जन्मलेले दिग्दर्शक अलेहांद्रो होदोरोव्स्की यांनी १९७०च्या दशकाच्या मध्यात पॅरिसमध्ये जो प्रयत्न केला तो कधीच चित्रित झाला नाही, तरी त्याचा प्रभाव झालेल्या चित्रपटांपेक्षा कमी नाही. फ्रेंच चित्रकथाकार मोबियस यांनी या चित्रपटाचा संपूर्ण स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्ये चित्रित करण्यापूर्वी ती क्रमाने कागदावर रेखाटून काढलेला आराखडा, तयार केला. यंत्रे, याने आणि वास्तू यांची कल्पना ब्रिटिश चित्रकार क्रिस फॉस आणि स्विस चित्रकार एच. आर. गीगर यांनी केली. सम्राटाच्या भूमिकेसाठी साल्वादोर दाली आणि खलनायक बॅरनसाठी ऑर्सन वेल्स यांची नावे ठरली, तर संगीतासाठी ‘पिंक फ्लॉइड’ या वाद्यवृंदाशी बोलणे झाले. हॉलिवूडमधून पैसा उभा न राहिल्याने सारे थांबले. गीगर, फॉस, मोबियस आणि पटकथालेखक डॅन ओबॅनन हे याच मंडळींपैकी चौघे पुढे रिडली स्कॉट यांच्या १९७९ च्या ‘एलियन’शी जोडले गेले. न झालेल्या या चित्रपटावर २०१३ मध्ये एक माहितीपट आला, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्या स्टोरीबोर्डच्या ग्रंथाची एक प्रत पॅरिसमधील लिलावात २६ लाख युरोंहून अधिक किमतीला विकली गेली. न पाहिलेल्या चित्रपटाशीही वाचकांचे इतके नाते जडू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

नंतर कादंबरीचे हक्क इटालियन निर्माते दिनो दे लॉरेंतीस यांच्याकडे गेले, काही काळ रिडली स्कॉट यांनी त्यावर काम केले, आणि अखेर डेव्हिड लिंच यांनी मेक्सिकोतील स्टुडिओंमध्ये सुमारे ४ कोटी डॉलर खर्चून चित्रपट पूर्ण केला. १९८४ च्या डिसेंबरमध्ये तो प्रदर्शित झाला तेव्हा अमेरिकेतील काही चित्रपटगृहांत प्रेक्षकांच्या हाती परिभाषेचा अर्थ सांगणारा छापील कागद देण्यात आला होता, यावरून निर्मात्यांनाही किती धास्ती होती ते दिसते. पात्रांचे विचार ऐकवण्यासाठी लिंच यांनी पडद्यामागून कुजबुजता आवाज वापरला, सगळी कथा १३७ मिनिटांत बसवली, आणि शेवटी पॉलच्या विजयानंतर अराकिसवर पाऊस पाडला. त्या पावसाने वाचक जितके दुखावले तितके कशानेच नव्हे, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कादंबरीतील विज्ञानानुसार महाकाय कृमींना पाणी हे विष आहे, आणि स्पाइसची उत्पत्ती त्या कृमींच्याच जीवनचक्रातून होते. म्हणून अचानक आलेला पाऊस म्हणजे कृमींचा नाश, स्पाइसचा शेवट आणि साम्राज्याची अखेर. वाळवंटात पिढ्यान् पिढ्या सावकाश, हिशेबाने हिरवळ आणण्याची फ्रेमेनांची योजना हाच कादंबरीतील पर्यावरणविचाराचा कणा आहे, आणि तो एका चमत्काराने मोडला गेला. हर्बर्ट यांनी या चित्रपटाचे एकंदरीत कौतुक केले, तरी या शेवटाला त्यांचाही आक्षेप होता, कारण त्यांचा पॉल हा देवाचे सोंग घेतलेला माणूस होता, पाऊस पाडू शकणारा देव नव्हे. ज्या गोष्टीविषयी कादंबरी सावध करते तीच गोष्ट चित्रपटाने खरी ठरवली. लिंच यांना स्वतःलाही हे काम आपले वाटले नाही. पुढे दूरचित्रवाणीसाठी केलेल्या लांब आवृत्तीवरून त्यांनी आपले नाव काढून घेतले.

२००० मध्ये एका अमेरिकन वाहिनीने केलेली मालिका कथानकाशी अधिक प्रामाणिक होती, पण तिची साधने तोकडी होती. २००३ मध्ये पुढच्या दोन कादंबऱ्यांवर दुसरी मालिका आली. त्यानंतर ‘पॅरामाउंट’ने काही वर्षे हाती धरलेला प्रकल्प २०११ मध्ये सोडून दिला, आणि २०१६ मध्ये ‘लेजेंडरी’ या निर्मितिसंस्थेने हक्क घेतल्यावर खरी हालचाल सुरू झाली. व्हिलनव्ह यांनी ही कादंबरी कुमारवयात वाचलेली होती, आणि तिचा चित्रपट करणे हे आपले जुने स्वप्न असल्याचे ते अनेक वर्षे सांगत होते; दिग्दर्शक हाच मुळात आपल्यासारखा वाट पाहणारा वाचक आहे, या जाणिवेने चाहत्यांचा विश्वास पुष्कळ वाढला. संगीतकार हान्स झिमर हेही तरुणपणापासूनचे ‘ड्यून’चे वाचक, आणि मनातले आवाज बिघडू नयेत म्हणून त्यांनी लिंच यांचा चित्रपट पाहिलाच नव्हता.

एप्रिल २०२० मध्ये पहिली छायाचित्रे आणि सप्टेंबरमध्ये पहिला ट्रेलर आला, तेव्हापासून वाचकांनी प्रत्येक चौकट पुस्तकाच्या पानासारखी वाचून काढली. कृमीच्या तोंडात दातांऐवजी देवमाशाच्या गाळणीसारखे दाट केस दिसले, तेव्हा वाळू गाळून सूक्ष्म जीवांवर जगणाऱ्या प्राण्याला हीच रचना शोभते, असे म्हणत अनेकांनी समाधान व्यक्त केले. ट्रेलरच्या संगीतात ‘पिंक फ्लॉइड’चे एक जुने गीत नव्याने बांधलेले ऐकू आले आणि जाणकारांना लगेच होदोरोव्स्कींच्या चित्रपटाची आठवण झाली. ग्रहशास्त्रज्ञ काइन्स कादंबरीत पुरुष आहे, ते पात्र येथे स्त्री झाले, त्यावर मतभेद झाले. कादंबरीत ‘जिहाद’ म्हणून येणाऱ्या युद्धाला ट्रेलरमध्ये ख्रिस्ती परंपरेतील धर्मयुद्धाचे नाव मिळाले, आणि फ्रेमेनांच्या संस्कृतीवर अरबी व इस्लामी परंपरेचा इतका ठसा असूनही प्रमुख भूमिकांत पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेतील कलावंत जवळपास नाहीत, हे दोन आक्षेप अधिक गंभीर होते आणि ते आजही निकालात निघालेले नाहीत. चित्रपट येण्याआधीच चाललेल्या अशा चर्चेला उतावीळपणा म्हणून बाजूला सारणे योग्य नाही. पुस्तकात काय महत्त्वाचे आहे आणि कशाला धक्का लागता कामा नये, याचा तो सामूहिक विचार असतो, आणि समीक्षेचे बरेचसे काम त्यात आधीच होऊन जाते.

करोनाच्या साथीमुळे प्रदर्शन २०२० च्या अखेरीहून ऑक्टोबर २०२१ पर्यंत लांबले, आणि अमेरिकेत तो चित्रपटगृहांबरोबरच घरगुती प्रक्षेपणसेवेवरही त्याच दिवशी दाखवण्याचा निर्णय झाला, तेव्हा व्हिलनव्ह यांनी जाहीरपणे नाराजी व्यक्त केली. भारतात तो २२ ऑक्टोबर २०२१ ला आला, आणि साथीच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रातील चित्रपटगृहे उघडण्यासाठी राज्य सरकारने ठरवलेली तारीखही तीच होती. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या अनेक वाचकांसाठी कित्येक महिन्यांनंतर मोठ्या पडद्यावर पाहिलेला पहिला चित्रपट अराकिसचा ठरला, तोही निम्म्या रिकाम्या ठेवलेल्या सभागृहात. कथा अर्ध्यावर थांबवणाऱ्या या भागाच्या पडद्यावरील शीर्षकात ‘भाग पहिला’ असे लिहिलेले होते, परंतु दुसऱ्या भागाला तोवर मंजुरीच नव्हती. ती चार दिवसांनी, २६ ऑक्टोबरला जाहीर झाली. या पहिल्या भागाने छायालेखन, संकलन, संगीत, ध्वनी, कलादिग्दर्शन आणि दृश्यपरिणाम अशी सहा ऑस्कर पारितोषिके मिळवली.

मनातल्या विचारांचा प्रश्न व्हिलनव्ह यांनी लिंच यांच्याहून वेगळ्या रीतीने हाताळला. त्यांनी कुजबुज टाळली, हातांच्या गुप्त खुणा आणि दीर्घ शांतता वापरली, आणि जे दाखवता येत नाही ते सोडून दिले. अट्रेइडीजांच्या वाड्यातील मेजवानीचा प्रसंग, ज्यात प्रत्येक पाहुणा बोलतो एक आणि मनात धरतो दुसरेच, तो असाच गेला, आणि त्याची हळहळ वाचकांना अजून आहे. मार्च २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात मात्र त्यांनी वगळण्यापलीकडे जाऊन कथेचा कलच बदलला. कादंबरीतील चानी ही पॉलची निष्ठावान सहचरी आहे, आणि सम्राटाच्या मुलीशी त्याचे राजकीय लग्न ती स्वीकारते. चित्रपटातील चानी भविष्यवाणीवर विश्वास ठेवत नाही, ती फ्रेमेनांना गुलाम करण्यासाठी रचलेली आहे असे उघड म्हणते, आणि सगळे पॉलपुढे गुडघे टेकतात तेव्हा एकटी पाठ फिरवून निघून जाते. फ्रेमेनांमध्ये श्रद्धावान आणि संशयी अशी फूट दाखवणे, तसेच पॉलची बहीण आलिया हिला जन्मच न देता आईच्या गर्भातून बोलताना ठेवणे, हेही चित्रपटाचेच. हे बदल अक्षराशी विसंगत असले तरी हर्बर्ट यांच्या हेतूशी सुसंगत आहेत, हे मान्य करावे लागते. कादंबरीत वाचकाच्या नजरेतून निसटणारा इशारा चित्रपटात एका माणसाचा चेहरा घेऊन समोर उभा राहतो.

हर्बर्ट यांनी हा इशारा स्वतःही पुन्हा द्यायचा प्रयत्न केला होता. पॉलला लोकांनी आदर्श वीर मानले हे त्यांना खटकत होते, आणि अलौकिक नेत्याच्या हाती सर्वस्व सोपवणे मानवजातीसाठी घातक असते, हे त्यांनी १९८० मधील एका लेखात स्पष्ट लिहिले. १९६९ ची दुसरी कादंबरी ‘ड्यून मसाया’ याच हेतूने उभी आहे. पहिली कादंबरी क्रमशः छापणारे ‘ॲनालॉग’चे संपादक जॉन कॅम्पबेल यांना पराभूत नायक नको असल्याने त्यांनी ती नाकारली, आणि ती ‘गॅलक्सी’ मासिकात आली. बारा वर्षांनंतरच्या या कथेत पॉल सम्राट आहे, त्याच्या नावाने चाललेल्या धर्मयुद्धात ६१ अब्ज माणसे मेली आहेत, आणि तो हा आकडा स्वतःच्या तोंडाने सांगतो. पहिल्या पुस्तकाहून पुष्कळच लहान असलेल्या या कादंबरीत लढाया जवळजवळ नाहीत. कारस्थाने आहेत, पश्चात्ताप आहे, आणि मेलेल्या मित्राच्या देहातून घडवलेला, मूळ माणसाची स्मृती नसलेला एक ‘घोला’ आहे.

तिसऱ्या चित्रपटाची पायाभूत सामग्री ही आहे, आणि म्हणून या वेळची प्रतीक्षा मागच्या दोन्हींपेक्षा वेगळी आहे. पॉल झालेले तिमोथी शालामे आणि चानी झालेल्या झेंडाया यांच्यासह, पहिल्या भागात तो मित्र झालेले जेसन मोमोआ घोलाच्या रूपाने परतत आहेत, रॉबर्ट पॅटिन्सन नव्याने येत आहेत, आणि छायालेखनाची जबाबदारी ग्रेग फ्रेझर यांच्याऐवजी लीनस सँडग्रेन यांच्याकडे आहे. वाचकांचे प्रश्न मात्र नटांपेक्षा कथेविषयी अधिक आहेत. दुसऱ्या कादंबरीचा सारा भावनिक भार पॉल आणि चानी यांच्या सहजीवनावर आहे, आणि चित्रपटातील चानी तर त्याला सोडून गेली आहे. ती परत कशी येणार, की येणारच नाही, आणि न आल्यास कादंबरीचा शेवट कशावर उभा राहणार? दोन भागांत भव्य युद्धांची सवय झालेला, पुस्तक न वाचलेला प्रेक्षक बंद दालनांतील या कथेशी किती काळ एकाग्र राहील? आणि ६१ अब्ज मृत्यू पडद्यावर दाखवायचे की, कादंबरीप्रमाणे, एका थकलेल्या सम्राटाच्या तोंडून केवळ ऐकवायचे?

यांपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत कठीण आहे, कारण युद्ध दाखवले तर ते पुन्हा भव्य आणि आकर्षक दिसण्याचा धोका आहे, आणि न दाखवले तर पहिल्या दोन भागांत पॉलवर प्रेम केलेल्या प्रेक्षकाला त्याच्या विजयाची किंमत जाणवणार नाही. व्हिलनव्ह यांनी आपले काम या कादंबरीपाशी थांबेल असे सांगितले आहे. हर्बर्ट यांच्या पुढच्या चार कादंबऱ्यांपैकी पहिली, म्हणजे एकूण क्रमाने तिसरी, २००३ च्या मालिकेत येऊन गेली, आणि १९८१ ची चौथी, जिच्यात नायक माणूस आणि कृमी यांच्या संयोगातून झालेला साडेतीन हजार वर्षे जगणारा सम्राट आहे, ती चित्रित होऊ शकते की नाही यावर वाचकांचा वाद आतापासूनच सुरू झालेला आहे.